नलावड्यांची आरपीएम

“ही प्रिंटर मागतेय,” मी म्हणाले.

“कोण?” सुहेलने मान वर न करता विचारलं.

“आरपीएम. मी म्हणते, बाई गं, तू ब्राउझर आहेस, मुकाट्याने बस. तर म्हणते, आधी प्रिंटर आणा, मग बसते.”

“पण ते काल काढलंस ना तू?”

“काल काढलं. आज परत आलंय.”

सुहेल खुर्ची सरकवत माझ्या टेबलापाशी आला. पडद्याकडे बघून त्याने डोकं खाजवलं आणि “याला मी जबाबदार नाही,” एवढं बोलून खुर्ची सरकवत परत गेला. सुहेल मुल्लासारखा प्रामाणिक सहकारी मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

आमचं ऑफिस सांगलीत एका हळदीच्या गोदामाच्या वर होतं. कीबोर्ड पिवळे, पंखे पिवळे, पावसाळ्यात भिंतीसुद्धा पिवळ्या. तिथे आम्ही तिघं मिळून ‘कवडसा’ नावाचा मराठी ब्राउझर बनवायचो. तिघांत मालक म्हणजे अच्युत आठल्ये सर, पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले. सुहेल प्रोग्रॅम लिहायचा. आणि मी, हेमांगी बिडकर, सगळं तपासून बाहेर सोडायचे. म्हणजे शिव्या खाणारी.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ब्राउझर एकच असतो, पण तो लोकांच्या संगणकावर पोचवायचा तर त्याचं पुडकं बांधावं लागतं, आणि विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांची घराणी वेगवेगळी. एका घराण्याला डेब नावाचं पुडकं लागतं, दुसऱ्याला आरपीएम. लोणचं तेच, पण एकाला बरणीतच हवं आणि दुसऱ्याला पाऊचमध्येच. प्रत्येक पुडक्यात एक यादी असते, की मला बसवायचं असेल तर संगणकावर अमुक-तमुक गोष्टी आधी हव्यात. आमच्या आरपीएमच्या यादीत कुणीतरी छपाईचं सगळं सामान लिहून ठेवलं होतं. प्रिंटरशिवाय ब्राउझर बसणारच नाही. लग्नाला यायचं तर येताना फ्रिज घेऊन या म्हणण्यातला प्रकार.

त्या दिवशी गुरुवार होता. शनिवारी नवा कवडसा बाहेर सोडायचा होता, कारण सोमवारपासून जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या संगणकांवर तो बसणार होता. आणि मधल्या रविवारी माझा साखरपुडा होता. दुसऱ्यांदा.

म्हणजे नवरा तोच, प्रसन्न बोडस; तारीख दुसरी. पहिली तारीख दिवाळीच्या पाडव्याची होती. त्या वेळी याच आरपीएमला वेगळं खूळ लागलं होतं. ती बसली की स्वतःचं चिन्ह संगणकाच्या ‘खेळ’ या कप्प्यात, बुद्धिबळाशेजारी जाऊन ठेवायची. मी दुरुस्त करावं, तिने पुन्हा बुद्धिबळाशेजारी जाऊन बसावं. सर म्हणाले, “एवढ्यातेवढ्यासाठी अडू नकोस, जाऊ दे तशीच.” पण माझ्या हातून सदोष माल बाहेर जाणं मला सहन होत नाही. तो हट्ट आहे, आईच्या मते रोग आहे. मी शोधत बसले, मुहूर्त टळला, कोल्हापूरहून आलेली बोडस मंडळी जेवली आणि निघून गेली. प्रसन्नच्या काकांनी म्हणे माझ्या वाटणीची बासुंदीही संपवली. प्रसन्न भला माणूस, हसला आणि गप्प बसला. त्याच्या आईने मात्र मला फोन केला.

“हेमांगी, तुझं काम महत्त्वाचं असेल. पण तिसरी तारीख आमच्याकडून मिळणार नाही. हे रागाने नाही हं सांगत.”

रागाने सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते.

आणि एवढं करून ती आरपीएम शेवटी सरांनी चुकीसकट सोडली ती सोडलीच. चौथ्या दिवशी आमच्या तक्रारींच्या पानावर मजकूर आला, “कवडसा हे खेळण्याचे साधन आहे हे आपण प्रामाणिकपणे मान्य केलेत, याबद्दल अभिनंदन. चाचणी करणारी व्यक्ती पगारी आहे की हौशी, हे कळवावे. जयसिंग नलावडे, गणपती मंदिरामागे, तासगाव.”

इंटरनेटवर तक्रारीखाली घरचा पत्ता देणारा हा बहुधा एकमेव माणूस असावा. दर आवृत्तीनंतर त्याची तक्रार यायची, आणि सर ती छापून घेऊन आम्हांला उभ्याने वाचून दाखवायचे. वाचताना त्यांचे कान लाल व्हायचे. आम्हांला वाटायचं, काय हा संताप.

तर त्या गुरुवारी मी सरळ सरांसमोर जाऊन उभी राहिले.

“सर, ही आरपीएम आपण बंद करू या.”

“अगं, एकदम बंद?”

“ती उतरवून घेणारा अख्ख्या महाराष्ट्रात एक माणूस आहे. आणि तो फक्त शिव्या घालतो.”

“एक म्हणजे शून्य नव्हे, हेमांगी.”

“सुहेल म्हणतो तसं करू. एकच फाइल काढू, ॲपइमेज. बसवायची भानगडच नाही, कुठल्याही घराण्यात चालते. उघडली की सुरू.”

“काढा की. पण आरपीएमही बाहेर जाईल.”

“मग ती धड होईपर्यंत थांबायला लागेल.”

“छे, थांबायचं कशाला? जाऊ दे तशीच.”

“सर, एकतर मला धड करू द्या, नाहीतर बंद करा.”

“दोन्ही नको,” सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा पुसायला लागले की चर्चा संपली, हे आम्हांला ठाऊक होतं.

मी संध्याकाळी प्रिंटर पुन्हा काढला. तीनदा तपासलं. आरपीएम शहाण्या मुलीसारखी बसली. घरी गेले, आईने हातावर मेंदी काढायला बाई बोलावली होती, ती काढून घेतली.

शुक्रवारी सकाळी आरपीएम जॉयस्टिक मागत होती.

तो खेळायचा दांडा असतो ना, तो. मी ओरडले तेव्हा खालच्या गोदामातला हमाल वर बघायला आला.

“सुहेल, खरं सांग. तू करतोस?”

“मी कशाला करू? माझी मोटरसायकल तुझ्या साखरपुड्याला फुलं आणायला राखून ठेवलीय मी.”

“मग कुणी केलं? नोंदीत नाव काय दिसतंय?”

“‘ऑफिस’. सगळ्यांच्या नोंदी त्याच नावाने जातात. तूच म्हणाली होतीस, उगाच वेगवेगळे पासवर्ड नकोत.”

हे खरं होतं, त्यामुळे मी विषय बदलला. डोकं भणभणायला लागलं होतं. माझ्यापुढे आता एकच रस्ता होता. हा जो एक माणूस आरपीएम घेतो, त्याला जाऊन भेटायचं, हातापाया पडायचं आणि एका फाइलवर राजी करायचं. गिऱ्हाईकच उरलं नाही तर सर आरपीएम कुणासाठी काढतील? सरांना दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं आणि तासगावची एसटी पकडली.

गणपती मंदिरामागे नलावड्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. पडवीत एक बाई सुपात बेदाणे निवडत होत्या आणि बनियन घातलेले एक उंच, मिशाळ गृहस्थ संगणकासमोर बसले होते.

“नलावडेकाका?”

“बोला.”

“मी सांगलीहून आले. कवडशाच्या ऑफिसातून. चाचणी करणारी व्यक्ती.”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “पगारी का हौशी?”

“पगारी.”

“मग अवघड आहे,” ते म्हणाले. “बस. शालन, चहा टाक.”

बेदाणेवाल्या बाई मात्र सूप टाकून पुढे आल्या. “अच्युतभावजींकडची का गं तू? कसे हाईत? गुडघा दुखायचा त्यांचा, बरा झाला का?”

“गुडघा-बिडघा काय विचारायचं न्हाई,” काका गरजले. “पोरगी कामाला आलीय.”

मी थक्क झाले. हे लोक सरांना ओळखत होते! पण माझं काम आधी. मी मेंदीचे हात जोडून सगळी कर्मकहाणी सांगितली. पाडवा, बासुंदी, तिसरी तारीख, सगळं. राहिले फक्त प्रिंटर आणि जॉयस्टिक. ते दोन शब्द ओठावर आले तेव्हा काकांनी हात वर करून मला थांबवलं.

“या खेपेला काय चुकलंय ते सांगू नको हां! बाहेर आल्यावर मी शोधणार.”

“काका, तुम्ही ही एक फाइल घ्या. ॲपइमेज. कुठेही चालते. मग आम्हांला आरपीएम काढायला नको.”

“जे कुठंबी चालतं त्याला आमी काय म्हणतो माहीत हाय का?”

“काय?”

“जाऊ दे. तू पोरगी हाईस.”

मी त्यांच्या संगणकाकडे पाहिलं. पडद्यावर कवडसाच होता, आणि अगदी झकास चालला होता. चिन्ह जिथे असायला हवं तिथे, अक्षरं ठसठशीत.

“पण हा तर नीट चाललाय! आमची आरपीएम तर खेळांमध्ये जाऊन बसत होती.”

“तुमची आरपीएम मी कुठं बसवलीय? हा मी मूळ प्रोग्रॅम घेऊन घरी बांधलाय. पहिल्यापासून घरीच बांधतो.”

“मग आमची उतरवून कशाला घेता?”

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “तक्रार करायला. मग काय लोणच्याबरोबर खायला?”

मला रडावं की हसावं कळेना. या एका माणसासाठी माझा पाडवा गेला होता, आणि त्या माणसाने आमची आरपीएम कधी वापरलीच नव्हती. फक्त दुसऱ्या एका जुन्या संगणकावर बसवायची, चूक हुडकायची आणि पुसून टाकायची.

चहा देताना शालनकाकूंनी बाकीचं सांगितलं. कवडसा सुरू झाला तो याच पडवीत. टेलिफोन खात्यातले नलावडे आणि पॉलिटेक्निकमधले आठल्ये, जिवाभावाचे मित्र. सर महिनोन्महिने रोज सांगलीहून येऊन इथे जेवायचे. ब्राउझर तयार झाला, आणि तो आधी कोणत्या पुडक्यात बाहेर काढायचा यावरून दोघांची जुंपली. सर म्हणाले डेब, काका म्हणाले आरपीएम. दोघांत तेवढं बळ नव्हतं की दोन्ही काढावीत.

“जेवणाच्या ताटावरनं उठून गेले गं भावजी. भाकरी अर्धी तशीच,” काकू म्हणाल्या. “त्याला दहाएक वर्सं झाली.”

“एका पुडक्यावरून?”

“मीबी हेच म्हणते. नवरा-बायकोत एवढं भांडण होत न्हाई.”

“अच्याला आरपीएम जमत न्हाई,” काका पडद्याकडे बघत म्हणाले. “तवाबी जमत नव्हती. दहा वर्सं बघतोय. एकदा तरी धड काढून दाखवावी.”

“काका, तुम्ही टेलिफोन खात्यातले. एक फोन करायचा ना सरांना.”

“चुका त्याच्या. फोन त्यानं करावा.”

ॲपइमेजला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. मी हात हलवत परत आले. एसटीत बसल्या-बसल्या मला इतका राग आला होता की कंडक्टरने तिकीट विचारलं तर मी त्याला “जॉयस्टिक” म्हणाले. दहा वर्षं धड काढून दाखवता येत नाही म्हणजे काय? उद्या मी दाखवते. आणि रात्रीत येऊन माझ्या कामात कडमडणारा जो कोण आहे, त्यालाही दाखवते. संध्याकाळी ऑफिसात जाऊन जॉयस्टिक काढून टाकला आणि मगच घरी गेले.

शनिवारी मी दूधवाल्याच्या आधी घरातून निघाले. आई दारातून ओरडली, “उद्या साखरपुडा आहे, लक्षात आहे ना?” मी म्हटलं, त्यासाठीच चाललेय.

ऑफिसचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून गुणगुण ऐकू येत होती. मी फटीतून बघितलं. माझ्याच खुर्चीत, सकाळच्या फिरण्याची माकडटोपी डोक्यावर तशीच ठेवून, आठल्ये सर बसले होते. समोर नलावड्यांच्या जुन्या तक्रारींची चळत. एक वाचायचे, खुदकन हसायचे आणि कीबोर्डवर दोन बोटांनी काहीतरी टाइप करायचे.

“सर!”

सर असे दचकले की माकडटोपी डोळ्यांवर आली. “तू? इतक्या लवकर? दात कसा आहे?”

“दात खणखणीत आहे. तुम्ही काय करताय?”

“काही नाही गं. जरा... बघत होतो.”

मी पडद्यावर पाहिलं. काल संध्याकाळी मी काढलेला जॉयस्टिक पुन्हा जागेवर होता आणि त्याच्या जोडीला सर स्कॅनर लिहीत होते. अर्धा लिहून झाला होता.

“सर, तुम्ही? तुम्ही करता हे?” माझा आवाज चिरकला. “पाडव्याला पण तुम्हीच? बुद्धिबळ?”

“बुद्धिबळ बरं जमलं होतं,” सर अभावितपणे म्हणाले.

मग माझा चेहरा बघून त्यांनी टोपी काढली. टक्कल पडलेलं ते डोकं खाली घालून बसलेले सर वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे दिसत होते.

“पहिल्या वेळची चूक खरी होती,” ते म्हणाले. “मला आरपीएम येत नव्हती. तो गेल्यावर हट्टाने काढली, ती बिघडली, आणि जयाची तक्रार आली. काय लिहिलं होतं माहितीय? ‘हे पाहून डोळे पाणावले.’ वर्षभर बोलला नव्हता गं माझ्याशी. दुसऱ्या वेळी मी नीट शिकून, रात्री जागवून, एकदम चोख काढली. म्हटलं, बाहेर सोडतो, बघेल तो. आणि बटण दाबायच्या आधी मनात आलं, ही एकदा धड गेली तर तो लिहील काय?”

मी सुहेलची खुर्ची ओढून बसले.

“चूक असली की तो लिहितो. नसली तर कशाला लिहील? तो काही ‘छान झालंय’ म्हणणारा माणूस नाही.”

“फोन करा ना सर सरळ!”

“फोन करून काय बोलू?”

“कसा आहेस, विचारा.”

“असं कसं एकदम विचारायचं?” सर खरोखरच भांबावून म्हणाले.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण त्याचबरोबर माझ्या डोळ्यांसमोर बोडसांचे काका माझ्या वाटणीची बासुंदी पीत होते. या दोन म्हाताऱ्यांना एकमेकांशी बोलता येत नाही म्हणून मी लग्नावाचून राहायचं? आणि वर ‘पगारी की हौशी’ ऐकून घ्यायचं?

“ठीक आहे सर,” मी अत्यंत शांतपणे म्हणाले. “जॉयस्टिक राहू दे. स्कॅनर नको, फार होतं.”

“नको म्हणतेस?” सरांचा चेहरा उजळला. “बरं, जॉयस्टिक तर जॉयस्टिक.”

आमच्याकडे नवी आवृत्ती सोडताना सर जिन्यात नारळ फोडायचे. पहिल्या पायरीवर पाणी शिंपडायचे, नमस्कार करायचे, मग वर येऊन पेढा वाटायचे. दुपारी ते नारळ घेऊन खाली गेले आणि मी बटणापाशी बसले.

“जॉयस्टिक आहे अजून,” सुहेल कुजबुजला. सकाळचं सगळं मी त्याला सांगितलं होतं.

“होता,” मी म्हणाले.

नारळ फुटल्याचा आवाज आला आणि कवडसा बाहेर पडला. डेब, विंडोजची, ॲपइमेज, आणि आरपीएम. चारही स्वच्छ. आरपीएम तर इतकी सुरेख बसत होती की पुन्हा पुन्हा बसवून बघावीशी वाटत होती. मी पेढा खाल्ला आणि घरी जाऊन केस धुतले.

रविवारी सकाळी मी मंगल कार्यालयात वेळेवर हजर होते. इतकी वेळेवर की गुरुजी माझ्यानंतर आले. बोडसकाकूंनी माझी ओटी भरली, साडी दिली, आणि ती नेसून मी प्रसन्नशेजारी येऊन बसले. “आज लॅपटॉप कुठे आहे?” त्याने हळूच विचारलं. मी म्हटलं, घरी, कपाटात, किल्ली आईकडे. सर पहिल्या रांगेत बसून बटाटेवडा खात होते. मधूनमधून मोबाइल काढून तक्रारींचं पान बघत होते आणि खिशात ठेवत होते. अजून काही आलं नव्हतं.

दाराशी सुहेल गुलाबपाणी शिंपडत उभा होता. तिथे काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. पांढरा लेंगा-सदरा घातलेले, टोपी हातात घेतलेले एक उंच गृहस्थ आत आले, त्यांनी सुहेलला एकदम मिठी मारली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, “कवा झालं?”

“आत्ताच सुरू होतंय,” सुहेल म्हणाला. “या ना.”

“लई तरास झाला का?”

“झाला थोडा. पण दुसरी वेळ आहे, आता सवय झालीय.”

त्यावर त्या गृहस्थांनी मोठा हंबरडा फोडला.

तो हंबरडा मी ऐकला. प्रसन्नच्या हातात अंगठी होती आणि माझं बोट पुढे होतं. सगळं कार्यालय मागे वळलं. मांडवाच्या मधोमध नलावडेकाका उभे होते आणि त्यांच्यामागे शालनकाकू, डोळ्यांना पदर आणि हातात फडक्यात बांधलेला भलामोठा डबा. त्यात काय आहे ते वासावरून कळत होतं. पिठलं-भाकरी. आमच्याकडे ज्या घरात माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही, तिथे शेजारीपाजारी पिठलं-भाकरी नेऊन देतात.

“अच्या गेला रे!” काका म्हणाले.

बोडसकाकूंचा चेहरा पांढरा पडला. “कोण गेलं?” त्यांनी माझ्या आईला विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी अंगठीकडे पाहिलं. माझ्या मनात एवढंच आलं, तिसरी तारीख मिळणार नाही.

पहिल्या रांगेत सर उठून उभे राहिले. तोंडात वडा तसाच होता.

“जया?”

काकांनी वळून पाहिलं. मग ते सरांच्या जवळ गेले, अगदी जवळ, आणि त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तू जित्ता हाईस?”

“मग काय मेलोय?” सर वडा गिळत म्हणाले.

“मग आरपीएम धड कशी गेली?”

सरांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी नव्या नवरीने बघावं तसं खाली बघितलं.

“धड गेली?” सर म्हणाले.

“रात्रभर शोधली रे चूक. पुसली, परत बसवली. परत पुसली. काय नाय. म्हटलं, अच्या असता तर असं झालं नसतं. हे दुसऱ्या कुणीतरी काढलंय. सकाळी तुझ्या घरी गेलो तर कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळी इकडं जमलीत. म्हटलं, संपलं.”

“म्हणजे... मी मुद्दाम ठेवतो, हे तुला माहीत होतं?”

“तर! ब्राउझर बुद्धिबळाशेजारी ठेवायला तू काय येडा हाईस?”

सरांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, त्याच्याकडे पाहिलं, परत ठेवला. मग ते उगाचच रागावून म्हणाले, “पण मग आलास कशाला? काय चुकलंय ते लिहून कळवायचंस, नेहमीसारखं.”

“कायबी चुकलं न्हाई,” नलावडेकाका म्हणाले. “म्हणून तर आलो.”

शालनकाकूंनी डबा खाली ठेवला आणि मोठ्याने नाक शिंकरलं.

“हेमांगी!” सर एकदम ओरडले. “आरपीएम कुणी...”

ऑफिसची सवय वाईट. हाक ऐकल्याबरोबर मी अर्धी उठले. तेवढ्यात खांद्यावर एक हात पडला, आणि चांगला वजनदार हात होता तो.

“बसायचं,” बोडसकाकू म्हणाल्या. “मेलंय का कुणी?”

“नाही काकू.”

“मग ते गृहस्थ रडतायत कशाला?”

“आमचं काम चोख झालं म्हणून.”

काकूंनी सरांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पिठल्याच्या डब्याकडे पाहिलं. “तुमच्या ऑफिसात सगळे असेच आहेत का?”

“सुहेल सोडून,” मी म्हणाले.

“प्रसन्न, घाल अंगठी. आणखी कुणी यायच्या आत घाल.”

त्याने घातली. गुरुजींनी घाईघाईने मंत्र म्हटले, अक्षता पडल्या, आणि मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. जमलं होतं एकदाचं. मग मी मान वर करून शोधलं, आपले दोन पुडकी-पंडित गेले कुठे.

ते शेवटच्या रांगेत बसले होते. जिलेबीचं ताट बाजूला सारून दोघांच्या मध्ये पिठल्याचा डबा उघडला होता. शालनकाकू सरांना भाकरी वाढत होत्या आणि तोंडाने गुडघ्याची चौकशी चालू होती.

“पुढची आरपीएम मी बांधणार,” नलावडेकाका म्हणत होते.

“तुला जमायची नाही.”

“तुला तरी कुठं जमती? पोरीनं काढली म्हणून धड गेली.”

“पण डेब आधी.”

“आरपीएम आधी.”

“जया, मी ताटावरून उठेन हां!”

“ऊठ बघू,” काका म्हणाले.

सर उठू शकत नव्हते. काका उजव्या हाताने भाकरी मोडून खात होते, आणि डाव्या हाताने त्यांनी सरांचं मनगट धरून ठेवलं होतं. अंगठा नाडीवर होता.